गर्भवाढीच्या ज्ञानाचा इतिहास : क्रमबद्ध घडणीचा शोध आणि मातेचे स्थान

प्रस्तावना

टाचणीच्या टोकाहूनही लहान अशा एका फलित पेशीपासून सुमारे अडतीस आठवड्यांत पूर्ण वाढीचे मूल तयार होते. मानवी जीवनातील हे सर्वांत मोठे स्थित्यंतर शतकानुशतके कोणाच्याही दृष्टीस न पडता घडत आले. त्यामुळे गर्भ कसा वाढतो, या प्रश्नाची उत्तरे दीर्घकाळ तर्क, श्रद्धा, पशुपक्ष्यांचे निरीक्षण आणि गर्भस्रावासारख्या दुर्दैवी प्रसंगी मिळणारे पुरावे यांच्या आधारे दिली गेली. आज पाठ्यपुस्तकात आठवड्यांच्या कोष्टकात दिसणारी गर्भवाढ ही अशा सुमारे अडीच हजार वर्षांच्या प्रयत्नांची निष्पत्ती होय.

या इतिहासाचे लेखन बहुधा शोधांची यशोगाथा म्हणून केले जाते. प्रस्तुत निबंधात त्याच इतिहासाकडे दोन प्रश्नांच्या अनुषंगाने पाहिले आहे. पहिला प्रश्न असा की, गर्भ आरंभापासून तयारच असतो व केवळ मोठा होतो, की तो टप्प्याटप्प्याने घडत जातो, हा वाद कोणत्या पुराव्यांनी सुटला? दुसरा प्रश्न असा की, ज्या स्त्रीच्या शरीरात ही घडण होते, तिला या ज्ञानात कोणते स्थान मिळाले? हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. गर्भ जसजसा स्पष्ट दिसू लागला तसतशी त्याची माता अभ्यासकाच्या दृष्टीआड होत गेली, आणि विसाव्या शतकात तिला पुन्हा अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणावे लागले, असे या आढाव्यातून दिसून येते.

१. ग्रीक विचार : कोंबडीच्या अंड्यापासून आरंभ

गर्भवाढीच्या पद्धतशीर निरीक्षणाचा अतिशय जुना निर्देश हिपॉक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथसंग्रहात सापडतो. मुलाच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात अज्ञात लेखकाने एक प्रयोग सुचविला आहे. वीस किंवा त्याहून अधिक अंडी कोंबड्यांखाली उबवावयास ठेवावीत, दररोज एक अंडे फोडावे आणि पिलाची वाढ कोठवर आली ते पाहावे, म्हणजे मानवी गर्भाच्या वाढीचीही कल्पना येईल, असे त्याचे प्रतिपादन आहे. एकच वस्तू पाहण्याऐवजी एकापाठोपाठ येणाऱ्या अवस्थांची मालिका पाहावी, हा भ्रूणशास्त्राचा मूलभूत विचार येथे प्रथम स्पष्टपणे मांडलेला आढळतो.

ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व चौथ्या शतकात हाच मार्ग अनुसरला. उबवणीच्या तिसऱ्या दिवसानंतर अंड्यात रक्ताचा एक ठिपका उड्या मारताना दिसतो, तेच हृदय होय, असे त्याने नोंदविले. सर्व अवयव एकाच वेळी निर्माण होत नाहीत, आधी हृदय व नंतर इतर अवयव, अशी क्रमाने घडण होते, या निष्कर्षाप्रत तो आला. मात्र त्याच्या सिद्धांतात स्त्रीचा वाटा केवळ द्रव्य पुरविण्यापुरता होता. आकार देणारी शक्ती पुरुषबीजात असून मासिक रक्त हे सुताराच्या लाकडाप्रमाणे निष्क्रिय द्रव्य आहे, असे तो मानीत असे. निरीक्षण अचूक असूनही त्याचा अर्थ लावताना समकालीन समाजव्यवस्थेची धारणा कशी शिरते, याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

उपर्युक्त हिपॉक्रेटिक ग्रंथातच आणखी एक प्रसंग येतो. मालकिणीच्या ताब्यातील एका गायिकेला दिवस गेल्याचा संशय आल्यावर लेखकाच्या सल्ल्याने तिला उड्या मारावयास लावण्यात आले आणि बाहेर पडलेल्या, कवच नसलेल्या कच्च्या अंड्यासारख्या दिसणाऱ्या पिंडाचे त्याने वर्णन केले. तो पिंड सहा दिवसांचा असल्याचे लेखक सांगतो. आजच्या ज्ञानानुसार हे वय संभवत नाही, कारण सहाव्या दिवशी गर्भ डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसेल. परंतु मानवी गर्भाच्या प्रत्यक्ष पाहणीच्या या आद्य नोंदींपैकी एक नोंद एका पराधीन स्त्रीच्या शरीरातून आली आणि तिचे नाव ग्रंथकाराने नोंदविले नाही, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

२. भारतीय परंपरा : संहिता, उपनिषद आणि मराठी लोकभाषा

चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानात गर्भाच्या मासानुमास वाढीचे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेनुसार पहिल्या महिन्यात गर्भ कललरूप म्हणजे बुळबुळीत असतो. दुसऱ्या महिन्यात तो घट्ट होतो. तिसऱ्या महिन्यात दोन हात, दोन पाय व डोके यांचे पाच अंकुर फुटतात. चौथ्या महिन्यात अंगप्रत्यंगे स्पष्ट होऊन हृदय व्यक्त होते. पाचव्यात मन, सहाव्यात बुद्धी अधिक जागृत होते. सातव्यात सर्व अवयव स्पष्ट होतात आणि आठव्यात ओज अस्थिर राहते. गर्भोपनिषदात एका रात्रीचे कलल, सात रात्रींचा बुडबुडा, पंधरवड्याचा पिंड असा आणखी सूक्ष्म कालक्रम दिला आहे.

या संहितांमधील सर्वांत मनोज्ञ भाग म्हणजे गर्भाचा कोणता अवयव प्रथम उत्पन्न होतो याविषयीची चर्चा. सुश्रुतसंहितेत शौनक, कृतवीर्य, पाराशर्य, मार्कण्डेय इत्यादी आचार्यांची भिन्न मते नोंदविली आहेत. कोणी डोके, कोणी हृदय, कोणी नाभी, तर कोणी हातपाय प्रथम होतात असे म्हणतो. अखेरीस धन्वंतरीचे मत सिद्धांत म्हणून येते, ते असे की सर्व अंगे एकाच वेळी उत्पन्न होतात. परंतु बांबूच्या कोंबात किंवा कोवळ्या आंब्यात कोय, गर व केसर वेगळे दिसत नाहीत, त्याप्रमाणे ती सूक्ष्मतेमुळे आढळत नाहीत. युरोपात सतराव्या व अठराव्या शतकांत ज्या प्रश्नावरून विद्वानांमध्ये संघर्ष झाला, तोच प्रश्न येथे वेगळ्या परिभाषेत उपस्थित झालेला दिसतो. मात्र त्यावरून आधुनिक भ्रूणशास्त्र प्राचीन काळीच अवगत होते असा निष्कर्ष काढणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. संहिताकारांपुढे सूक्ष्मदर्शक नव्हता व पेशीची कल्पना नव्हती. त्यांच्या ज्ञानाचा एक आधार गर्भनाशाच्या प्रसंगांचे निरीक्षण हा असावा. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ द्रवरूपाने पडतो तो गर्भस्राव आणि त्यानंतर स्थिर शरीराचा पडतो तो गर्भपात, हा संहितेतील भेद अशा निरीक्षणाशिवाय करता आला नसता.

गर्भाच्या घटकांचा विचार करताना आयुर्वेदाने मातृज, पितृज, आत्मज, रसज, सात्म्यज व सत्त्वज असे सहा भाव मानले. रक्त, मांस, हृदय यांसारखे मृदू अवयव मातेकडून आणि केस, नखे, अस्थी यांसारखे कठीण भाग पित्याकडून येतात, अशी ही विभागणी होती. स्त्रीबीजाचा सक्रिय वाटा मान्य करणारी ही मांडणी ॲरिस्टॉटलच्या मांडणीपेक्षा या बाबतीत निराळी आहे. त्याचबरोबर मातेने घेतलेल्या आहाररसालाही गर्भाच्या घडणीत स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त झाल्यामुळे गर्भिणी 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदये असलेली होते आणि तिच्या इच्छा या गर्भाच्याही इच्छा असतात, असे सुश्रुत सांगतो. मराठीतील 'डोहाळे' हा शब्द याच शब्दकुलातील आहे. डोहाळजेवणाच्या प्रथेत गर्भिणीच्या इच्छेला व आहाराला मिळणारा मान ही या जुन्या कल्पनेची सामाजिक खूण म्हणता येईल. परंतु परंपरेचे चित्र एकरंगी नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधातील जन्मदुःखनिरूपणाच्या समासात गर्भवास ही वैराग्य शिकविणारी यातना म्हणून येते. तसेच गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वी करावयाचा पुंसवन हा संस्कार पुत्रप्राप्तीच्या अपेक्षेशी जोडलेला होता. गर्भात काय आहे हे कळण्याआधीच त्यात काय असावे याची इच्छा समाजाने निश्चित केली होती, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या संदर्भात पुन्हा विचारात घ्यावी लागते.

३. तयार गर्भ की घडणारा गर्भ : सतरावे व अठरावे शतक

युरोपात प्रबोधनकाळात शवविच्छेदनाची परंपरा दृढ झाली. लिओनार्दो दा व्हिंची याने १५१० नंतरच्या काही वर्षांत गर्भाशयातील बालकाचे जे रेखाटन केले, ते आजही सर्वपरिचित आहे. मूल गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आणि अत्यंत जिवंत वाटणारे आहे. परंतु त्याच्याभोवतीची वार मात्र गाईच्या वारेसारखी अनेक गुच्छांची दाखविली आहे. मानवी पुराव्यांची उणीव प्राण्यांच्या निरीक्षणाने भरून काढली जात होती, याची ही साक्ष होय.

रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वे याने १६५१ मध्ये प्राण्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या शिकारीत मिळालेल्या हरिणींची गर्भाशये त्याने समागमाच्या ऋतूनंतर क्रमाने तपासली. अनेक आठवडे त्याला गर्भाशयात काहीही दिसले नाही, कारण त्याची साधने अपुरी होती. तरीही सर्व प्राणी अंड्यापासून उत्पन्न होतात व अवयव एकामागून एक घडत जातात, हे मत त्याने ठामपणे मांडले.

त्यानंतर आलेल्या सूक्ष्मदर्शकामुळे हा वाद सुटावयास हवा होता. प्रत्यक्षात तो वाढला. १६७२ मध्ये रेनिए द ग्राफ याने अंडाशयातील पुटिकांचे वर्णन केले, १६७३ मध्ये माल्पिघी याने अंड्यातील पिलाच्या आरंभीच्या अवस्थांची सुरेख चित्रे काढली, तर १६७७ मध्ये लेव्हेनहूकने शुक्रजंतू पाहिले. उबवणीपूर्वीच्या अंड्यातही पिलाच्या खुणा दिसतात असे माल्पिघीला वाटले. त्यावरून पूर्ण गर्भ बीजात सूक्ष्मरूपाने आधीपासूनच असतो, हा पूर्वरचनावाद बळावला. हा सूक्ष्म जीव अंड्यात असतो असे मानणारा एक पक्ष आणि तो शुक्रजंतूत असतो असे मानणारा दुसरा पक्ष असे गट पडले. १६९४ मध्ये हार्टसूकर याने शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे आवळून बसलेल्या इवल्याशा मानवाचे चित्र प्रसिद्ध केले. असे काही आपण पाहिले असा त्याचा दावा नव्हता. ते दिसू शकेल असे त्याचे अनुमान होते. नंतरच्या काळात मात्र ते चित्र जणू प्रत्यक्ष निरीक्षणच होते असा समज रूढ झाला.

पूर्वरचनावादाला केवळ अज्ञान समजणे अन्यायाचे होईल. निर्जीव भासणाऱ्या द्रवातून डोळा किंवा हृदय कसे तयार होते, याचे कोणतेही यांत्रिक स्पष्टीकरण त्या काळी उपलब्ध नव्हते. ईश्वराने सृष्टीच्या आरंभीच सर्व पिढ्या एकात एक अशा रचून ठेवल्या, हे उत्तर त्यामुळे बुद्धीला व श्रद्धेला दोहोंना सोयीचे वाटले. परंतु मूल आईवडील दोघांसारखे का दिसते आणि सहा बोटांसारखी वैशिष्ट्ये कधी आईकडून तर कधी वडिलांकडून का येतात, हे प्रश्न मोपेर्त्युईसारख्या अभ्यासकांनी १७४५ च्या सुमारास उपस्थित केले. त्यांना पूर्वरचनावादाकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

निर्णायक पुरावा कास्पार फ्रीडरिश वुल्फ याने दिला. १७५९ मध्ये हाले येथे सादर केलेल्या प्रबंधात आणि नंतर सेंट पीटर्सबर्ग येथून १७६८-६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनात त्याने दाखवून दिले की, पिलाचे आतडे आरंभी नळीच्या स्वरूपात नसतेच. एक सपाट पापुद्रा दुमडून त्याची नळी बनते. लहान नळी मोठी होत नाही, तर जी नळी नव्हती ती घडते. अल्ब्रेख्ट फॉन हालर यांच्यासारख्या प्रतिष्ठित शरीरशास्त्रज्ञाच्या विरोधामुळे हे कार्य दुर्लक्षित राहिले. १८१२ मध्ये मेकेलने त्याचे जर्मन भाषांतर केल्यावर त्याचे महत्त्व विद्वानांच्या लक्षात आले.

४. हंटरचा चित्रसंग्रह आणि अनाम माता

१७७४ मध्ये विल्यम हंटर याने मानवी सगर्भ गर्भाशयाच्या शरीररचनेवरील चौतीस चित्रपटांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेक चित्रे यान फान रिम्सडाइक या चित्रकाराने काढली होती. या कामाचा आरंभ १७५१ मध्ये, गर्भारपणाच्या अखेरच्या काळात अचानक मरण पावलेल्या एका स्त्रीच्या विच्छेदनापासून झाला. गर्भाची स्थिती, वारेची रचना, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या यांचे इतके अचूक चित्रण पूर्वी झाले नव्हते. माता व गर्भ यांचे रक्ताभिसरण परस्परांपासून स्वतंत्र असल्याचे विल्यम व त्याचा भाऊ जॉन हंटर यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आणि प्रसूतिशास्त्राला भक्कम पाया लाभला.

या चित्रांत स्त्रीचे धड मांड्यांपाशी कापलेले दिसते. चेहरा दिसत नाही. गर्भ पूर्ण व्यक्ती म्हणून रेखाटला आहे, तर माता हे त्याच्याभोवतीचे आवरण ठरले आहे. या स्त्रिया कोण होत्या, त्या कशाने मरण पावल्या आणि त्यांची शवे कोणत्या मार्गाने विच्छेदनगृहात आली, याविषयी ग्रंथ जवळजवळ मौन पाळतो. ज्ञानाचे मोल मान्य करूनही ज्यांच्या देहांवर ते उभे राहिले त्यांची दखल न घेणे, ही उणीव इतिहासकाराला नोंदवावी लागते. पुढे १७९९ मध्ये झ्योमरिंग याने मानवी भ्रूणांची चित्रे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने मांडली. या मालिकेत मातेचे आवरणही उरले नाही. पानावर केवळ वाढत जाणारे भ्रूण राहिले.

५. मालिकेचे शास्त्र : फॉन बेअर ते कार्नेगी संग्रह

एकोणिसाव्या शतकात क्रमशः घडणीच्या सिद्धांताला शास्त्रीय अधिष्ठान मिळाले. १८१७ मध्ये पँडरने पिलाच्या आरंभीच्या देहातील स्तर ओळखले. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने १८२७ मध्ये कुत्रीच्या अंडाशयातील पुटिकेत सस्तन प्राण्याचे खरे अंडे शोधून काढले आणि १८२८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ग्रंथात विकासाची सामान्य लक्षणे आधी व विशेष लक्षणे नंतर प्रकट होतात, हा नियम मांडला. १८७६ मध्ये ऑस्कार हेर्टविग याने सागरी अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रकांचा संयोग पाहिला. फलनात दोन्ही जनकांचा वाटा असतो, हे त्यामुळे प्रत्यक्ष निरीक्षणाने सिद्ध झाले आणि ॲरिस्टॉटलपासूनचा एक जुना प्रश्न निकालात निघाला.

मानवी भ्रूणाचा पद्धतशीर अभ्यास लाइपझिग येथील विल्हेल्म हिस याने सुरू केला. मायक्रोटोमच्या साहाय्याने भ्रूणाचे अतिपातळ छेद घेऊन त्यांवरून संपूर्ण आकृतीची पुनर्रचना करण्याची पद्धती त्याने विकसित केली. त्याचा ग्रंथ १८८० ते १८८५ या काळात प्रसिद्ध झाला. याच सुमारास, १८८६ मध्ये, फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांनी पदवीसाठी प्रबंध सादर केला. त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी झालेले स्वतःचे मूल अवघ्या दहा दिवसांत गमावलेल्या या मराठी विद्यार्थिनीने प्राचीन परंपरेतील गर्भिणी व प्रसूतीविषयक विचारांचा परामर्श घेतला. लाइपझिगच्या प्रयोगशाळेत मातेपासून वेगळा काढलेला भ्रूण अभ्यासाचा विषय होत असताना आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय प्रसूती हा, म्हणजे अपरिहार्यपणे माता व मूल दोघांचा, होता. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाल्यामुळे हे कार्य पुढे जाऊ शकले नाही.

हिसचा विद्यार्थी फ्रँकलिन मॉल याच्या प्रयत्नांतून बाल्टिमोर येथे कार्नेगी संस्थेचा भ्रूणशास्त्र विभाग १९१४ मध्ये सुरू झाला. शल्यविशारदांकडून येणाऱ्या हजारो नमुन्यांच्या आधारे मॉल, स्ट्रीटर व नंतर ओराहिली यांनी पहिल्या आठ आठवड्यांची विभागणी तेवीस अवस्थांमध्ये केली. आरंभीच्या दुर्मीळ अवस्था बोस्टन परिसरात हर्टिग व रॉक यांनी १९३८ पासून सुमारे पंधरा वर्षांत मिळविल्या. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांच्या सहकार्यातून त्यांना चौतीस भ्रूण लाभले. संग्रहात प्रत्येक नमुन्याला क्रमांक आहे. स्त्रियांची नावे वैज्ञानिक लेखनात आली नाहीत.

या प्रदीर्घ परिश्रमांतून जे चित्र सिद्ध झाले ते थोडक्यात असे आहे. फलनानंतर सुमारे सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. तिसऱ्या आठवड्यात तीन जननस्तर तयार होतात. बाह्यस्तरापासून त्वचा व मज्जासंस्था, मध्यस्तरापासून स्नायू, अस्थी व रक्त, तर अंतःस्तरापासून पचनमार्ग व फुप्फुसांचे अस्तर घडते. सुमारे बाविसाव्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मज्जानलिका मिटते आणि हातापायांचे अंकुर दिसू लागतात. आठव्या आठवड्याच्या शेवटी सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या देहात सर्व प्रमुख अवयवांची मांडणी झालेली असते. पुढील काळ मुख्यतः वाढीचा व अवयव कार्यक्षम होण्याचा असतो. फुप्फुसांसारखे अवयव तर अखेरच्या आठवड्यांपर्यंत परिपक्व होत राहतात.

घडणीचा क्रम कळला तरी तिचे कारण उरले होते. १९२४ मध्ये हान्स श्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूटच्या भ्रूणातील एक लहानसा ऊतीचा तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसविला असता तेथे दुसरा देहाक्ष निर्माण झाला. एका भागातील पेशी शेजारच्या पेशींना घडणीचे संकेत देतात, हे त्यावरून दिसले. प्रबंधाचे प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या हिल्डे मांगोल्ड यांचा त्याच वर्षी अपघाती मृत्यू झाला. १९३५ चे नोबेल पारितोषिक श्पेमान यांना मिळाले. भारतात पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील प्रायोगिक संशोधनाची परंपरा रुजविली. हिपॉक्रेटिक लेखकाने सुचविलेले अंडे अशा रीतीने आधुनिक प्रयोगशाळेतही उपयोगी ठरले. गर्भात पूर्वरचना नसते. परंतु जनुकांच्या रूपाने सूचना असतात आणि त्या सूचनांचा अर्थ पेशींच्या परस्परसंबंधांतून टप्प्याटप्प्याने लागतो, असा दोन्ही जुन्या पक्षांना अंशतः सामावून घेणारा निष्कर्ष विसाव्या शतकाने काढला.

६. जिवंत गर्भाचे दर्शन आणि त्याचा सामाजिक परिणाम

ग्लासगो येथे इयान डोनल्ड यांनी मॅकव्हिकर व अभियंता टॉम ब्राऊन यांच्यासह १९५८ मध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने शरीरांतर्गत रचना पाहण्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये तेथेच ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाच्या डोक्यापासून बैठकीपर्यंतच्या लांबीवरून त्याचे वय ठरविण्याची रीत दाखविली. प्रथमच जिवंत गर्भ, मातेला इजा न होता, वाढताना पाहता येऊ लागला. वारेची जागा, जुळी, व्यंगे व वाढीतील खंड वेळीच ओळखता आल्यामुळे असंख्य माता व बालके वाचली, हे निर्विवाद आहे.

तथापि गर्भाला मातेपासून विलग अशी स्वतंत्र प्रतिमा मिळण्याची प्रक्रियाही येथे पूर्णत्वास गेली. १९६५ मध्ये लेनार्ट निल्सन यांची छायाचित्रे 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकात आली. त्यांत गर्भ जणू अंतराळात तरंगताना दिसतो. त्यांतील बहुसंख्य गर्भ वस्तुतः शस्त्रक्रियेने बाहेर काढलेले व मृत होते.

भारतात या दर्शनाला वेगळे व भीषण वळण लागले. १९७५ च्या सुमारास गर्भजल परीक्षेचा वापर आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी सुरू झाला. परंतु अल्पावधीतच ती परीक्षा, व पुढे सोनोग्राफी, मुलीचा गर्भ ओळखून पाडण्याचे साधन बनली. मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर व विज्ञान कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन केलेल्या चळवळीमुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम याविषयी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला व १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. त्याची अंमलबजावणी होत नसल्याबद्दल मुंबईतील सेहत, पुण्यातील मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणापूर्व लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली.

आकडेवारी मात्र अस्वस्थ करणारी आहे. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ होते, ते २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाले. कायदा करण्यात अग्रेसर असलेल्या राज्यातच ही घसरण झाली. पुंसवनामागील इच्छा जुनी होती. नव्या साधनाने त्या इच्छेला अमलात आणण्याचे सामर्थ्य दिले. प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग सांगितले जात नसल्याचा फलक लावणे कायद्याने आवश्यक आहे. गर्भाविषयीचे ज्ञान स्त्रीच्या सामाजिक स्थानापासून वेगळे काढता येत नाही, याची तो फलक नित्य आठवण देतो.

७. मातेचे पुनरागमन

विसाव्या शतकात याला समांतर असा दुसरा प्रवाहही वाहत होता. वारेच्या भिंतीआड गर्भ सुरक्षित असतो, या समजुतीला १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी पहिला मोठा धक्का दिला. गर्भारपणाच्या आरंभी मातेला रुबेला झाल्यास बालकाला जन्मजात मोतीबिंदू होऊ शकतो, हे त्यांनी दाखविले. १९५६ ते १९५८ या काळात ऑक्सफर्ड येथे ॲलिस स्टुअर्ट यांनी गर्भारपणातील क्ष-किरण तपासणीचा बालपणातील कर्करोगाशी असलेला संबंध उघड केला. १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड हे औषध १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आले, तोवर अनेक देशांत दहा हजारांहून अधिक बालके व्यंगासह जन्मली होती. हातपायांची व्यंगे मुख्यतः फलनानंतरच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून पाचव्या आठवड्यापर्यंत औषध घेतलेल्या मातांच्या बालकांत आढळली. कार्नेगी संग्रहातील अवस्थांचे कोष्टक येथे दुःखद रीतीने पडताळले गेले, कारण जो अवयव ज्या दिवसांत घडतो त्याच दिवसांत तो बिघडू शकतो.

औषधे व रोग यांच्यापुढे जाऊन पोषणाचा विचार सुरू झाला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधील दुष्काळात गर्भात असलेल्यांच्या शरीरात पन्नाशीच्या सुमारास साखरेचे नियमन मंदावलेले आढळले. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात सुईणींनी व आरोग्यसेविकांनी जपलेल्या जुन्या नोंदवह्यांच्या आधारे डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखविले की, जन्माच्या व पहिल्या वर्षाच्या वेळी वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण अधिक होते.

या विचाराला महत्त्वाची भर पुण्यातून पडली. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील गर्भिणींचा अभ्यास केला. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. बालके कृश असली तरी त्यांच्यातील चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. 'कृश तरी स्थूल' असे वर्णन झालेल्या या देहयष्टीत भारतीयांमधील मधुमेहाचे एक मूळ असावे, असे मत त्यातून पुढे आले. बालकाच्या आकारमानाचा संबंध मातेच्या एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे व दूध यांच्या सेवनाशी अधिक आढळला. तर विहिरीवरून पाणी आणणे, धुणे धुणे, शेतात राबणे अशा श्रमांचे प्रमाण अधिक असलेल्या स्त्रियांच्या बालकांचे वजन कमी भरले. येथे शास्त्राने पाहिलेली माता चेहरा नसलेले आवरण नाही. ती काय खाते, किती राबते आणि तिला स्वतःला बालपणी काय मिळाले, हेच अभ्यासाचे विषय झाले आहेत.

निष्कर्ष

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, गर्भ तयार नसतो, तो घडतो. हा निर्णय वुल्फ ते हिस या अभ्यासकांनी एका क्षणाच्या चित्राऐवजी काळाची मालिका पाहिल्यामुळे शक्य झाला. सूक्ष्मदर्शकासारखे साधन केवळ उपलब्ध असणे पुरेसे नव्हते. माल्पिघीच्या हाती ते असूनही पूर्वरचनावाद वाढला.

दुसऱ्या प्रश्नाबाबत असे दिसते की, गर्भ पाहण्यासाठी कोंबडीचे अंडे, हंटरचे चित्र, काचेतील नमुना व पडद्यावरील प्रतिमा असे जे मार्ग निवडले गेले, त्यांत माता क्रमाने बाजूला पडत गेली. ही विलगता अभ्यासाची सोय होती. परंतु तिलाच वस्तुस्थिती मानल्याने औषधांच्या परिणामांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. लिंगनिवडीत तर गर्भाची प्रतिमा मातेच्याच जातीच्या विरोधात वापरली गेली. रुबेलापासून पुण्याच्या अभ्यासापर्यंतच्या संशोधनाने गर्भाची घडण आणि मातेचे जीवन हे एकाच अभ्यासाचे दोन भाग असल्याचे सिद्ध केले आहे.

डोहाळ्यांच्या कल्पनेत दोन हृदयांचा एकत्र विचार होता. तिच्यामागील शरीरविषयक तर्क आज स्वीकारता येत नाही. परंतु गर्भाच्या हिताचा मार्ग गर्भिणीच्या ताटातून, श्रमातून व तिच्या मानातून जातो, हे तिच्यातील सूत्र आधुनिक पुराव्यांशी विसंगत नाही. भ्रूणशास्त्र व इतिहास यांच्या अध्यापनात हे दोन्ही धागे एकत्र ठेवले, तर आठवड्यांच्या कोष्टकामागील स्त्रियाही विद्यार्थ्यांना दिसू शकतील.